गॅस बंद असताना वाजलेली शिट्टी

१६ नोव्हेंबर, रविवार. चक्कीच्या दगडांना टाकी लावायची होती, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडांवर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या होत्या. पीठ जाड येऊ लागलं की गिऱ्हाईक आधी कुरकुर करतं आणि मग गुपचूप दुसऱ्या चक्कीवर जातं. ती वेळ येऊ नये म्हणून मी सकाळीच दाराला ‘चक्की बंद’ची पाटी अडकवली, पट्टा उतरवला, वरचा दगड काढून पोत्यावर आडवा केला आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसले.

आमची पिठाची चक्की कारंज्यात, घराच्या पुढच्याच खोलीत आहे. मागच्या खोलीत सासूबाईंची खाट. चक्की चालू असली की मागचं काही ऐकू येत नाही, म्हणून मध्येमध्ये उठून डोकावून यायची मला सवय झालेली. त्या दिवशी घर शांत होतं. दोन घावांच्या मध्ये मला मागून ‘टिंग’ असा आवाज आला. मग खुर्ची सरकवल्यासारखी खरखर. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी.

माझा गॅस बंद होता. डाळ अजून धुतलेलीही नव्हती. शेजारणीचं स्वयंपाकघर पलीकडच्या अंगाला, तिची शिट्टी इकडे येत नाही. मी हात झटकून आत गेले. सासूबाई जाग्या होत्या आणि उशाजवळच्या स्टुलावरच्या टॅबकडे पाहत होत्या.

“कोन आलं वो?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. आज चक्की बंद आहे.”

“मंग शिट्टी कोनाची वाजली?”

मी टॅब उचलून पाहिला. पडदा काळा. बोट लावलं तर नेहमीची चित्रं आली, दुसरं काही नाही. परत ठेवला आणि दगडाकडे गेले. टाकी अर्धवट सोडता येत नाही.

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली होती. आषाढात मोरीत पडल्या, खुबा मोडला. नागपूरला ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. डोकं मात्र शाबूत होतं. कान तर असे, की चक्कीचा आवाज ऐकून आत काय दळलं जातंय ते खाटेवरून सांगायच्या. ‘चना टाकला काय? हळू सोड, पट्टा घसरंल.’ पट्टा बहुतेक वेळा घसरायचाच.

टॅब दिवाळीत आला. धाकटे दीर पुण्याला नोकरी करतात. भाऊबीजेला आले तेव्हा घेऊन आले. स्वतःच सिम टाकलं, बराच वेळ त्यात काहीबाही करत बसले आणि स्टँडवर लावून आईच्या उशाशी ठेवला. मला म्हणाले, “वहिनी, हा कायम चार्जिंगला राहू द्या. बंद करू नका. सकाळी भजन लावत जा, आईला बरं वाटेल.”

ते भावाबरोबर संत्र्याची झाडं पाहायला शेतात गेले तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारली. “नवी वस्तू हाय. हळद-कुंकू लावल्याबिगर वापरू नोको.” आमच्याकडे दिवाळीत सगळ्याच वस्तूंना लागतं. चक्कीला, विहिरीवरच्या मोटारीला, फवारणीच्या पंपाला. मी करंडा आणला आणि टॅबच्या वरच्या काळ्या पट्टीवर, बरोबर मधोमध, बोटानं हळद आणि कुंकू टेकवलं. चक्कीलाही आम्ही कपाळ समजून मधोमधच लावतो. पूजेचं कुंकू कोणी पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जातं.

दगड बसवून चक्की सुरू झाली आणि आवाजांचा विषय मागे पडला. पण लाइट गेली की घर शांत व्हायचं आणि ‘टिंग’ ऐकू यायचं. कधी त्याच्यामागून दाराची बेल. कधी कुत्रं. आमच्या गल्लीतलं कुत्रं असं भुंकत नाही, ते पाळलेलं, लाडावलेलं कुत्रं होतं. दळण घेऊन आलेल्या बायांनीही एकदा ऐकलं.

“बाई, तुमच्या टॅबमंधी कोनी घुसलं वो,” एक म्हणाली.

“मीठ-मिरची ओवाळून टाका,” दुसरी.

“त्याच्यापेक्षा म्हणा, घुसलाच हायेस तं पोते उचलाले ये,” पहिली म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण सासूबाई प्रत्येक ‘टिंग’ला मान वळवून पाहत होत्या, आणि ते बरं दिसत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी टॅब पिशवीत घालून मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो चहा पिता पिता उलटसुलट केला.

“काही नाई मॅडम, नोटिफिकेशन येऊन राह्यले. जाहिराती असतात. त्याच्यातच शिट्ट्या वाजते, कुत्रे भुकते. बंद करून देतो.”

त्यानं ते बंद केलं आणि एकंदर आवाजही बारीक करून दिला. परत आणून मी तो पुन्हा उशाशी लावला. त्या दिवसापासून मला कुठलाच आवाज आला नाही. काम झालं, असं मी समजले.

सासूबाईंना मात्र येत राहिला.

“लहान्या आला काय वो?” एका दुपारी त्यांनी विचारलं. लहान्या म्हणजे धाकटे दीर.

“भाऊजी पुण्याला आहेत, आई.”

“आत्ता खोकलला.”

“इथे कोणी नाही.”

“माह्या लेकाचा खोकला मले समजत नाई काय? लहानपणापासून तसाच हाय त्याचा. दोनदा खोकलते अन् मंग खाकरते.”

मी खाटेखाली, दारामागे पाहिल्याचं नाटक करून दाखवलं. त्या चिडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्या हाका मारायला लागल्या. पुढे चक्की थांबली की आतून ओरडणं ऐकू यायचं, “लहान्या, अरे बोल ना बापा! काऊन लपून राह्यला?” मी आत जायची तर त्या भिंतीकडे, दाराकडे, टॅबकडे पाहत असायच्या. डोळ्यांत पाणी. एकदा म्हणाल्या, “त्याले राग आला काय माह्यावर?”

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं डोकं फिरतं, हे मी दवाखान्यात शेजारच्या खाटांवर पाहून आले होते. एक बाई सारखी गायीला बोलावत होती. चार दिवसांत तिनं स्वतःच्या लेकीला ओळखणं बंद केलं. आता आपल्याकडेही तेच सुरू झालं, असं मी धरून चालले. नवऱ्याला सांगितलं. त्यांनी आईजवळ बसून पाहिलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते संध्याकाळी शेतातून आल्यावर बसले होते आणि त्यांचे कान तसेही ट्रॅक्टरनं बसलेले आहेत.

गावातले डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. त्यांनी सासूबाईंना वार विचारला, महिना विचारला. दोन्ही बरोबर सांगितले.

“आवाज कुठून येतो, आजी?”

“हितूनच. उशाशीच खोकलते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कोणी नसतं, म्हणून सांगितलं. धाकटा मुलगा पुण्याला असतो, हेही सांगितलं. त्यांनी संध्याकाळी द्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. या वयात असे भास होतात, शांत झोप लागली की कमी होतील, म्हणाले. मी सगळं सांगितलं त्यावरून दुसरं कोणी काय लिहून दिलं असतं?

सासूबाईंनी विचारलं, “कायची गोळी हाय?”

मी खोटं बोलत नाही. “तुम्हाला भाऊजींचा खोकला ऐकू येतो ना, तो बंद व्हायची.”

“तो बंद कराले माह्यी गोळी कायले? त्याले दे ना,” त्या म्हणाल्या.

हसू आलं मला. हा त्यांचा शेवटचा धड विनोद.

गोळीनं हाका बंद झाल्या. बाकीचंही बरंच बंद झालं. त्या दिवस वर येईपर्यंत झोपायच्या. घास गालात तसाच राहायचा, बोट घालून काढावा लागायचा. आधी त्या स्वतः खाटेची कड धरून थोडंफार कुशीवर व्हायच्या, तेही थांबलं, आणि पडून राहून पाठीवर झालेली, भरत आलेली जखम पुन्हा ओली झाली. चक्कीवर काय दळतोय ते विचारणं बंद झालं. मी एकदा मुद्दाम चणा दळताना आत जाऊन विचारलं, “काय टाकलं सांगा?” त्यांनी डोळे उघडले आणि मिटले.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, काही दिवस पाहू, गोळी अंगवळणी पडते. रविवारी दिरांचा माझ्या फोनवर फोन यायचा. म्हणाले, “आईचा हल्ली आवाजच येत नाही.” मला वाटलं, फोनवर येत नाही म्हणतात. मी फोन सासूबाईंच्या तोंडाजवळ धरला. त्या झोपेत होत्या.

“खातात ना पण नीट?” दिरांनी विचारलं. “तुम्ही भरवता ना दोन्ही वेळा?”

“भरवते. गिळत नाहीत.”

“नाही, म्हणजे… ठीक आहे.”

त्या ‘नाही, म्हणजे’मध्ये काहीतरी होतं, पण मला पाठीची जखम धुवायची होती.

डिसेंबर अर्धा सरला होता. दुपारी लाइट गेली, चक्की थांबली. मी सासूबाईंखालची चादर बदलत होते. त्यांना एका कुशीवर करून एका हातानं धरलं होतं, आणि तेवढ्यात पुण्याहून जावेचा फोन आला. फोन मी कान आणि खांद्यामध्ये दाबला. ती संक्रांतीला येऊ की नको असं काहीतरी विचारत होती.

बोलता बोलता तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. माझ्या कानात वाजली. आणि तिच्या पाठोपाठ, बारीकशी, माझ्या हाताशी असलेल्या टॅबमधून वाजली.

जाऊ म्हणाली, “थांबा हं वहिनी, गॅस बंद करते.” टॅबमधूनही, जरा मागून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं, ‘थांबा हं वहिनी’ आलं.

मी सासूबाईंना आधी नीट उताणं केलं. उशी लावली. मग फोनवर विचारलं, “भाऊजी घरीच आहेत का ग?”

“हो, त्यांचं आता घरूनच काम असतं ना. आतल्या खोलीत बसलेत.”

मी फोन बाजूला ठेवला आणि टॅबजवळ तोंड नेलं. “भाऊजी, खोकला कसा आहे?”

खुर्ची सरकली. ‘टक’ असा आवाज झाला आणि टॅब मुका झाला.

जावेचा फोन कट करायच्या आतच दिरांचा आला.

“वहिनी, आधी माझं ऐकून घ्या.”

“बोला.”

“ते कॅमेऱ्याचं ॲप आहे. सगळे लावतात हल्ली, घरात म्हातारं माणूस असलं की. बोलायचं बटण माझ्याकडून चालू राहत असेल, ते माझ्या लक्षात आलं नाही.”

“मला सांगून का नाही लावलं?”

“काळजी वाटत होती. दिवाळीत मी आईची पाठ पाहिली, वहिनी. केवढी जखम होती.”

“मीच दाखवली होती तुम्हाला.”

“हो, पण… आणि मग तुम्ही त्याच दिवशी कॅमेऱ्यावर काहीतरी फासलंत. मला नुसतं लाल-पिवळं दिसायचं. दिसूच नये म्हणून लावलं असेल तर माणसानं काय समजायचं? म्हणून मग मी ऐकायला लागलो.”

मी टॅबकडे पाहिलं. काळ्या पट्टीच्या मधोमध हळद-कुंकू वाळून घट्ट बसलेलं होतं. त्याच्याखाली कॅमेऱ्याचा डोळा आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“ते हळद-कुंकू आहे,” मी म्हणाले. “तुमच्या आईनं लावायला लावलं. विचारायचं होतं एकदा, काय लावलं म्हणून.”

“विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना, मी बघतोय ते.”

“त्या हाका मारत होत्या. लहान्या, बोल ना, म्हणून. ते ऐकलंत?”

“ऐकलं.”

“आणि डॉक्टर आले तेव्हा?”

“वहिनी, मला वाटलं, डॉक्टरच म्हणतायत तर आईला खरंच काही भास वगैरे…”

“आईंनी तुमचा खोकला सांगितला होता. दोनदा खोकलून खाकरणारा. तुम्ही खोकलत होता की नव्हता?”

मागून जावेचा आवाज आला, “मी यांना केव्हाचं म्हणत होते, वहिनींना सांगून टाका म्हणून.” म्हणजे तिलाही माहीत होतं. मी फोन ठेवला. माझा आवाज चढला नव्हता. चढवून काही होणार नव्हतं, आणि सासूबाई शेजारीच झोपल्या होत्या. एवढ्या बोलण्यानं त्यांची पापणीही हलली नाही.

दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टर वर्ध्याला गेले होते. कंपाउंडर म्हणाला, “मनानं गोळी बंद करू नका मॅडम, एकदम बंद केली की त्रास होतो. उद्या सकाळी या.” म्हणून संध्याकाळची गोळी रोजच्यासारखी कुटून मधात दिली.

नवरा शेतातून आला तेव्हा त्यांना जेवण वाढण्याआधीच सांगितलं. ते ओसरीत बसून राहिले. मग उठून आत गेले, टॅबची वायर उपटली.

“फेकून देतो याले नालीत.”

“वस्तूनं काय केलं? बंद करून कपाटात टाका.”

“त्याच्याशी आता मले बोलाचं नाई,” ते म्हणाले. आणि दोन घास खाऊन झाल्यावर, “लांब राह्यते बिचारा. त्याचाबी जीव तुटतच असंल.”

“तुटू दे,” मी म्हणाले. “तोंड तर शाबूत होतं.”

त्यांनी भाजी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चक्की उघडली नाही. सासूबाईंना जाग यायची वाट पाहत खाटेपाशी बसून राहिले. डोळे उघडले तेव्हा ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, उशी उंच केली आणि मोठ्यानं, शब्द सुटे करून सांगितलं, “आई, तुम्हाला खोकला ऐकू यायचा ना, तो भाऊजींचाच होता. टॅबमधून येत होता. तुम्हाला भास होत नव्हते. तुमचं बरोबर होतं.”

त्यांना समजायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं. ओठ हलले.

“लहान्या व्हता?”

“हो.”

“माह्यं आयकू येत व्हतं त्याले?”

“तुमचं सगळं त्यांना ऐकू येत होतं.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. गोळी सुरू झाल्यापासून एवढा वेळ त्यांचे डोळे उघडे राहिले नव्हते.

“मंग बोलला काऊन नाई?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. माझ्यावर भाऊजींचा भरवसा नव्हता म्हणून. पण ते देणं माझं काम नव्हतं. मी दिरांना फोन लावला. लगेच उचलला.

“आई विचारतायत, बोलला का नाही. त्यांनाच सांगा,” मी म्हणाले, आणि फोन सासूबाईंच्या कानाशी उशीवर ठेवला. खाटेखालच्या बादलीत रात्रीच्या चादरी होत्या. बादली उचलली, बाहेर पडताना दार ओढून घेतलं आणि मागच्या नळावर जाऊन चादरी धुतल्या. घाण आधी पाण्यानं सोडवली, मग साबण, मग दोनदा पिळल्या. तारेवर टाकल्या.

परत आले तेव्हा फोन बंद होता. सासूबाईंचं तोंड भिंतीकडे होतं, डोळे उघडे. मी पेज आणली. थोडी गिळली, बरीचशी हनुवटीवरून आली, ती टिपली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याला त्यांच्याजवळ बसवलं, गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली आणि डॉक्टरांकडे गेले.